आकडे आमच्या काठाला, साखळी त्यांच्या

आमच्या गावाखाली नदीवर एक बंधारा व्हता. आता त्याचे दगडी खांब तेवढे उरलेत, त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या आन् जलपर्नी अडकती. आदी तसं नव्हतं. पावसाळा सरला की खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी ढापे सोडायचे, म्हंजे पानी अडायचं. पावसाळ्याच्या आदी ढापे वर काढायचे, म्हंजे नदी मोकळी. ह्या कामाला दोन मानसं नेमलेली. एक आमच्या काठचा, माजा मालक. एक पलीकडच्या काठचा. मालकाला जाऊन लई वर्सं झाली. पलीकडचा जिता हाय हे मला म्हाईत नव्हतं. म्हाईत असतं तर म्या त्या पोरीला घरात येऊ दिलं नसतं.

ही पोरगी कॉलेजात शिकती. नागपूरच्या पल्याडची हाय, खराडीत भाड्याच्या खोलीत राहती. नदी आदी कोन सांभाळायचं, त्या मानसांचं बोलनं ती मोबाइलमधी भरून घेती आन् मंग वहीत उतरवती. आमच्या लेकानंच तिला घरी आनली. आमचं रान बिल्डरला इकलं, त्या जागी इमारत झाली, तिच्यातच पाचव्या मजल्यावर आमी राहतो. बापाचं म्हनावं असं लेकाच्या डोळ्याला आता काई दिसत न्हाई. म्हनून बापाचं नाव कुटंतरी लिवून राहावं असं त्याला लई वाटायचं.

पयल्या दिवशी पोरीनं मोबाइल माज्यापुढं ठेवला.

"चालू झालं का हे?" म्या विचारलं.

"हो आजी. तुम्ही बोला, मी मधात नाही बोलणार."

"मंग बोललेलं समदं ह्यात जानार?"

"जाते ना. पण तुम्ही म्हणाल ते पुसून टाकता येते."

लेक सोफ्यावर बसला व्हता. "आई, बिनधास्त बोल. शिव्या तेवढ्या देऊ नको."

म्या सांगितलं. सोपं व्हतं ते सांगितलं. आमची रानं बंधाऱ्याच्या वरल्या अंगाला, आमाला पानी अडलेलं पायजे. पलीकडच्यांची रानं निम्मी खालच्या अंगाला, त्यांना पानी सोडलेलं पायजे. रोजची भांडनं. म्हनून जुन्या मानसांनी एक नेम घालून दिला. ढापा उचलायला दोन लोखंडी आकडे लागत्यात आन् एक साखळी. आकडे आमच्या घरी ठेवायचे, साखळी पलीकडच्याच्या घरी. म्हंजे एकट्या काठाला ढापा हलवता येनार न्हाई. दोघांनी यायचं, दोघांनी उचलायचं, दोघांनी घरी जायचं.

"बँकेच्या लॉकरसारखं," लेक पोरीला म्हनला. "दोन चाव्या."

"लॉकरमधी पानी वाढत न्हाई," म्या म्हनलं.

पोरगी हसली. मंग तिनं वहीचं पान उलटलं आन् विचारलं, "एका साली बंधारा बाजूनं फुटला होता ना आजी?"

माज्याआदी लेकच बोलला. त्याला ती गोष्ट तोंडपाठ. "पलीकडचा झोपून राहिला. वडील त्या दिवशी पुण्यात गेले होते. याने येऊन आकडे मागायचे, तर हा आलाच नाही. ढापे निघाले नाहीत, नदीनं त्यांचा काठ खाल्ला. त्याचंच रान पहिलं गेलं."

"हो, त्यांना भेटले मी," पोरगी म्हनली. "नारायण पेठेत राहतात. लई म्हातारे झाले."

माज्या हातात पान्याचा तांब्या व्हता. त्यो म्या खाली ठेवला.

"काय म्हनला त्यो?"

"ऐकवू का?"

लेक म्हनला, "ऐकवा की."

तिनं मोबाइलवर बोट फिरवलं. आदी पंख्याचा आवाज आला, मंग खोकला, मंग त्याचा आवाज. इतक्या वर्सांनी म्या त्यो वळखला.

"आदी मला पक्कं वाटायचं, मी गेलो व्हतो. साखळी घेऊन गेलो, आकडे मागितले. पन समदी म्हनली, तू गेलाच न्हाईस. गाव म्हनलं. माजी बायकू मरंस्तोवर म्हनली. पोरगं तेच ऐकत मोठं झालं. आता मलाबी वाटतं, गेलो नसंन. आदल्या राती जागलो व्हतो, डोळा लागला असंल. सपान पडलं असंल. सपनात मानूस कुटंबी जातं."

"बघा," लेक म्हनला. "स्वतःच कबूल करतोय."

मी चहा करते म्हनून उठले. आत जाऊन वट्याला धरून हुबी राहिले. गॅस पेटवला न्हाई. मला पयल्यापासनं भ्या व्हतं की ह्यो मानूस कवातरी तोंड उघडंल, माजं नाव घेईल. उलटं झालं. त्यो आला व्हता हे जगात आता मला एकटीलाच म्हाईत व्हतं. त्याला सुदिक म्हाईत नव्हतं. माज्या गप बसन्यानं त्याच्या डोक्यातनं त्याचा एक दिवस पुसून टाकला व्हता. उद्या मी मेले तर त्यो दिवस कुनाकडंच राहनार नव्हता. त्यो मेला तर सोताला गुन्हेगार समजून मरनार व्हता.

काय झालं व्हतं ते सांगते.

दिवाळी तोंडावर आलेली. पाऊस संपला असं धरून ढापे सोडले व्हते, त्याला आठ दिवस झाले. आन् एका सकाळी बगितलं तर एक ढापा हातभर वर. कुनीतरी पहारीनं उचकटला व्हता. आमच्या काठाचे म्हनले, ह्यांनी पानी चोरलं. पलीकडचे म्हनले, तुमीच उचलून आमच्यावर आळ घेताय. मारामारी व्हायची राहिली. दुसऱ्या दिवशी मालक पुण्याला, कसब्यात बुरडांकडनं भाजीच्या पाट्या आनायला निघाले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हनले, "मी नसताना आकडे घराबाहेर गेले, तर त्यांच्यामागं तूबी गेलीस असं समज."

मालक वाईट नव्हते. पन बोलले की तसंच करायचे.

तवा लेक माज्या कडेवर, नऊ महिन्यांचा. सासूला आमी आत्याबाई म्हनायचो. त्या दारात बसून शेंगा फोडत व्हत्या. आमच्याकडं पाऊस नव्हता. उगवतीला ऊन पडलेलं, आन् मावळतीकडं, डोंगराच्या अंगाला, समदं काळं. नऊ-साडेनऊ झाले असतील. पलीकडचा बंधाऱ्यावरनं चालत आला. खांद्यावर साखळी, डोक्याला गोनपाटाची खोळ. ती खोळ भिजलेली व्हती, म्हंजे त्यो वरच्या अंगाला जाऊन पानी बगून आला व्हता.

"वयनी, मालक?"

"कसब्यात गेलेत, पाट्या आनाय."

"मंग आकडे द्या."

"कशापायी?"

"वरनं पानी सुटलंय. नदीचा रंग बगा. फेस आलाय, काडीकचरा यायला लागलाय. दोपारच्या आत ढापे निघाले न्हाईत तर नदी बाजूनं वाट काढती."

आत्याबाई शेंगा फोडत म्हनल्या, "काल पानी चोरनाऱ्याला आज फेस दिसाय लागला व्हय."

त्यानं तिकडं बगितलं न्हाई. मलाच म्हनला, "वयनी, नदी फिरली तर पयलं माजं रान जानार. माज्याच रानात मी नदी घालीन का?"

ते मला पटलं. हे म्या कुनाला सांगितलं न्हाई आजवर. मला तवाच पटलं व्हतं. आकडे माज्या मागं दोन हातांवर, बाजरीच्या कनगीत खुपसलेले. वळले असते तर हाताला लागले असते. पन आत्याबाईंचं शेंगा फोडनं थांबलं व्हतं. त्यांचे हात थांबले की मला भ्या वाटायचं. आन् मालकाचं उंबऱ्यातलं बोलनं कानात व्हतं.

म्या म्हनलं, "आकडे घरात न्हाईत. मालक घेऊन गेले. लोहाराकडं."

"पाट्या आनायला जाताना आकडे नेले?"

"व्हय."

त्यानं माज्या तोंडाकडं बगितलं. मंग म्हनला, "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

आमच्यात कुनी अशी शपथ खोटी घेत न्हाई. चोर घेत न्हाई, दारुड्या घेत न्हाई. मी हात ठेवला. लेकाची टाळू आजून भरली नव्हती, हाताखाली ती उडत व्हती. म्या म्हनलं, "घरात न्हाईत."

त्यो लगीच फिरला. शपथ घेतली म्हंजे खरंच, असं त्याला वाटलं. साखळी सावरत बंधाऱ्यावरनं पळत परत गेला. पळताना एकदा पाय घसरला, सावरला.

बंधाऱ्यावरनं पानी खाली पडायचा आवाज आमच्या घरात सदा यायचा. त्या आवाजातच आमी जेवायचो, झोपायचो. त्यो गेल्यावर आवाज आदी वाढला. मंग बारीक व्हत गेला. आन् मंग बंदच झाला. नवख्या मानसाला वाटंल पानी उतरलं. तसं नसतं. वरचं पानी आन् खालचं पानी एक झालं की पडायला जागा राहत न्हाई. नदी गप झाली की समजायचं, भरली. मी लेकराला खाली टाकलं, कनगीत हात घातला आन् दोन्ही आकडे वढून काढले.

आत्याबाईंनी माजं मनगट धरलं.

"आता नेलेस तर समद्यांना कळंल, ते घरातच व्हते."

"पन त्यांचं रान..."

"लेकराच्या डोक्यावर कुनी हात ठेवला? म्या?"

त्यांनी आकडे माज्या हातातनं घेतले आन् परत कनगीत ठेवले, वर बाजरी सारकी केली. आमी दोघी अंगनात हुब्या राहून बगत व्हतो. पलीकडं त्यो आन् चार जन पहारीनं ढापा उचकटत व्हते. निघत नव्हता. पानी बंधाऱ्यावर चढलं, तवा ते मागं सरले. मंग त्याच्या रानाला भेग पडली. बांधापास्नं हिरीपतुर. आदी रान जागच्या जागी खाली बसलं, मंग ढेकळासारखं सुटून गेलं. हीर गेली. गोठा गेला. गोठ्यात दोन बैल दावनीला व्हते. त्यांचा आवाज इकडं आला. मानूस कुनी गेलं न्हाई. पन त्यो काठावर बसला व्हता आन् काठ त्याच्याकडं येत व्हता, आन् त्याला कुनीतरी मागनं वढत व्हतं. म्या डोळे मिटले न्हाईत. मिटता आले न्हाईत.

मालक आले तवा नदी दोन बंधाऱ्यांएवढी झालेली. आत्याबाईंनी सांगितलं, "कुनी आलं न्हाई आकडे मागाय." मालकानं मला विचारलं न्हाई. माज्याकडं एकदा बगितलं आन् पाट्या उतरवाय गेले. मला वाटतं, त्यांनाबी विचारायचं भ्या वाटलं.

आठ दिवसांनी देवळात दोन्ही काठांची बैठक बसली. पलीकडचा म्हनला, मी गेलो व्हतो. साक्षीदार कोन, म्हनले. त्यो म्हनला, ह्यांच्या घरची. तवा बाईमानसाला देवळात कोन बोलावतंय. घरी दोन मानसं विचारायला आली. उंबऱ्यात आत्याबाई हुब्या राहिल्या, त्यांच्या पाठीमागं मी. "आमच्या घरी कुनी आलं न्हाई," त्या म्हनल्या. ती दोन मानसं माज्याकडं बगत व्हती. म्या पदर दातात धरला. तेच माजं उत्तर झालं. त्याच्यासंगं पहारी लावनारे म्हनले, ह्यो आमाला उशिरा भेटला, त्याआदी कुटं व्हता म्हाईत न्हाई. त्याच्याच काठचं एक जन म्हनलं, आदल्या दिवसापास्नं ह्यो पेंगत व्हता, म्या बगितला. तेवढ्यावर ठरलं. साखळी त्याच्याकडनं काढून घेतली. महिन्याभरात त्यो बायकापोरं घेऊन शहरात गेला, एवढं कळलं. म्होरचं म्या कुनाला विचारलं न्हाई.

मंग माजं भ्या सुरू झालं. त्याला आजवर खंड न्हाई.

लेकाला ताप आला की म्या टाळूवर हात ठेवायची न्हाई. दुसरं कुनी ठेवलं तरी चालंल, माजा हात नको. त्याला आंगोळ घालताना डोक्यावर पानी वतायला नंदंला बोलवायची. लोक म्हनायचे, असली कसली आई. गोवर निघाला तवा मी तीन दिवस नुसत्या पान्यावर राहिले. शाळंत पवायला शिकवत्यात म्हनल्यावर शाळाच बदलली. त्यानं मोटारसायकल घेतली तवा चावी लपवून ठेवली. चिडला. म्या सांगनार काय. पैलवानासारखा वाढला, लगीन झालं, पोरं झाली, आन् मी मोजत बसले की आज, का उद्या. करोनात त्याला दवाखान्यात नेलं तवा समजले की आता हिशेब झाला. खिडकीतनं बगत व्हते, गाडी गेली. तवा म्या बोलले व्हते, ह्यो परत आला तर मी समदं सांगंन. त्यो परत आला. म्या सांगितलं न्हाई.

हे समदं वट्याला धरून हुबी असताना डोक्यातनं गेलं. मी चहा न करताच भाईर आले. खुर्चीवर बसून घेतलं.

"पोरी, ते चालू कर."

"चालूच आहे आजी. तुम्ही घाबरून राहिल्या का?"

"व्हय. तू भरून घे."

म्या सांगितलं, वर सांगितलं तसंच. कनगी, लोहार, लेकराचं डोकं, आत्याबाईंनी धरलेलं मनगट. पोरीकडं बगून सांगितलं, लेकाकडं बगायची छाती झाली न्हाई.

लेक म्हनला, "माझ्या डोक्यावर?"

"व्हय."

"म्हणून लहानपणी मला शिंक आली तरी तू डॉक्टरकडं पळायचीस."

"व्हय."

"आणि मी समजायचो, माया."

पोरीनं मान खाली घातली. लेक उठला, खिडकीपतुर गेला, परत आला.

"मॅडम, हे पुसा."

पोरगी माज्याकडं बगाय लागली. "आजी म्हणतील तसं करते मी."

"आई, तुला कळतंय का काय बोललीस? त्याचं रान गेलं, आपलं राहिलं. आपल्या रानावर ही बिल्डिंग उभी आहे. उद्या ते लोक वकील घेऊन दारात येतील. आणि वडलांचं काय? लोक म्हणतील, घरात आकडे लपवून दुसऱ्याला बुडवला."

"मालकाला म्हाईत नव्हतं."

"कोण विश्वास ठेवणार?"

त्याचा चेहरा त्याच्या बापासारखा झाला व्हता, उंबऱ्यातल्या. मला तेच भ्या वाटलं. मी त्याच्याच जिवावर खाते. ह्या वयात त्यानं भाईर काढलं तर मी कुटं जाईन, हेबी मनात आलं. खोटं का बोलू.

"ठेव," मी पोरीला म्हनलं. "पुसू नको."

लेक दार आपटून गेला. दोन दिवस माज्याशी बोलला न्हाई. जेवायला बसायचा, ताट सरकवायचा, उठायचा. सून म्हनायची, "आई, काय झालंय तुमच्या दोघांत?" म्या म्हनायची, "त्यालाच विचार." तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी आली. मला नारायन पेठंत न्यायला आली व्हती, म्याच तिला बोलावलं व्हतं. रिक्षा बोलवू का, असं ती विचारत व्हती, तवर लेकानं चावी घेतली.

"गाडी काढतो. पण मी वर येणार नाही."

पुलावर आलो तवा खाली नदी दिसली. मी बगितली न्हाई.

नारायन पेठंतलं त्याचं घर म्हंजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खाली छापखाना. शहरात आल्यापास्नं त्यानं त्याच छापखान्यात कागदाची बंडलं उचलली, आता त्याचं पोरगं तिथंच मशिनीवर हाय. जिना लाकडी, अरुंद. पोरगी मागनं मला धरत व्हती. दोनदा मी थांबले. दम लागला म्हनून न्हाई. परत फिरावं वाटलं म्हनून.

दार त्याच्या सुनंनं उघडलं. चाळिशीची बाई, हातात लाटनं.

"तुम्ही परत?" ती पोरीला म्हनली. "मागच्या वेळी दोन तास बोलायला लावलंत बाबांना, रात्रभर खोकत होते. आज कोणाला आणलंय सोबत?"

"या आजींना बाबांना भेटायचं आहे."

"अहो, मग फोन करून यायचं. आणि चपला बाहेर काढा."

म्हातारा खिडकीपाशी कॉटवर बसला व्हता. हाडं राहिलेली. डोळ्यांवर सारा पडून दिसायचं बंद झालं असावं, पन कान शाबूत.

"कोन हाय?"

"पलीकडच्या काठची," मी म्हनलं.

"कुनाची?"

"आकडे ज्यांच्या घरी असायचे, त्यांची."

त्यानं मान हलवली. म्हनला, "मालक गेले म्हनं तुमचे."

"व्हय."

"शिस्तीचा मानूस. त्यांच्यापुढं माजी मान खाली गेली. चूक झाली माज्या हातनं."

बंधाऱ्याचा आवाज थांबला त्या दिवशी मला जेवढं भ्या वाटलं, तेवढं हे ऐकून वाटलं. ह्या मानसानं माजी चूक सोताच्या पोटात घेऊन पाळली व्हती, लेकरागत.

"चूक तुमची न्हाई," मी म्हनलं. "तुमी आला व्हता."

"आँ?"

"तुमी आकडे मागाय आला व्हता. साखळी घेऊन."

"न्हाई वयनी. ते सपान."

"सपान न्हाई. डोक्याला गोनपाटाची खोळ व्हती, ती भिजलेली. मालक कसब्यात गेले व्हते. आकडे घरात व्हते, माज्या मागं, कनगीत. मी न्हाई म्हनले. मालकानं नेले म्हनले."

त्याचे व्हट हलत व्हते. कायतरी धुंडत व्हता. मंग म्हनला, "लोहाराकडं."

"व्हय. लोहाराकडं म्हनले."

"आन् म्या म्हनलं, पाट्या आनायला जाताना?"

"व्हय."

"कडंवर लेकरू व्हतं."

"व्हय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले."

सुनंचं लाटनं थांबलं व्हतं. ती दारात येऊन हुबी राहिली. म्हातारा कॉटची कड दोन्ही हातांनी धरून बसला. मला वाटलं रडंल, न्हाईतर शिव्या देईल. त्यानं दोन्ही केलं न्हाई.

"म्हंजे मी आलतो," त्यो म्हनला.

"आलता."

"माजे बैल दावनीला गेले."

"व्हय. आवाज आमच्याकडं आला व्हता."

"बायकू मला मरंस्तोवर झोपाळू म्हनली. शेवटी आजारी व्हती तवाबी, औषधाला उशीर झाला की म्हनायची, झोपला असशील. ती गेली आता. तिला कोन सांगनार?"

माफ करा, असं मी म्हनले न्हाई. त्या घरात त्यो शबूद तोंडातनं काढायची लाज वाटली.

म्हाताऱ्यानं सुनंला हाक मारली. "खाली जा. पोराला बोलाव."

"बाबा, आत्ता? ऐन कामाच्या वेळी छापखान्याचे मालक सोडतील का?"

"आत्ता."

ती माज्याकडं बगत गेली. जाताना भिंतीकडची खुर्ची वढून माज्यामागं ठेवली आन् म्हनली, "बसा." तेवढंच.

"तुमी जायचं न्हाई," म्हातारा मला म्हनला. "त्यो आला की परत सांगायचं. पयल्यापास्नं. एक शबूद गाळायचा न्हाई."

"सांगते."

"त्यो इस्वास ठेवनार न्हाई. मंग परत सांगायचं."

"सांगते."

पोरीचा फोन वाजला. माजा लेक खालनं विचारत व्हता, झालं का. म्या फोन घेतला. "झालं न्हाई. तू वर ये."

"मी येणार नाही म्हणालो होतो."

"म्हाईत हाय. ये. हितं मला एकटीला बोलता येनार न्हाई."

फोन बंद झाला. खालचं मशीन थांबलं, तशी खोली एकदम गप झाली. जिन्यावर पावलं वाजाय लागली. माज्या लेकाची का त्याच्या, ते मला कळंना. मी खुर्चीतनं उठाय गेले आन् परत बसले.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पन खुर्चीची करकर ऐकू गेली असावी.

"भ्या वाटतंय का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"वाटू द्या," त्यो म्हनला.